एका विद्याशाखेची पायाभरणी : कार्ल क्रुम्बाखर

ग्रीक साहित्य म्हटले की होमरची महाकाव्ये, सोफोक्लीसची नाटके आणि प्लेटोचे संवाद आठवतात, आणि तेथून वाचकाचे मन एकदम विसाव्या शतकातील कवाफी किंवा कझानझाकिस यांच्यापाशी येऊन थांबते. या दोन टोकांच्या मधल्या काळात ग्रीक भाषेत काय लिहिले गेले, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. वस्तुतः इ.स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन याने बॉस्फरसच्या काठी जी नवी राजधानी स्थापन केली, त्या कॉन्स्टंटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी ते नगर जिंकून घेईपर्यंत सुमारे अकराशे वर्षे ग्रीक लेखनाची परंपरा अखंड चालू होती. इतिहास, स्तोत्रे, संतचरित्रे, व्याकरणे, कोश, पत्रे, म्हणींचे संग्रह, वीरकाव्ये आणि प्रेमकथा असा तिचा विस्तार होता. या साम्राज्यातील लोक स्वतःला रोमन म्हणवीत. ‘बायझंटाइन’ हे विशेषण त्यांच्या राजधानीच्या प्राचीन नावावरून पश्चिम युरोपातील विद्वानांनी मागाहून रूढ केले. या साहित्याला स्वतंत्र अभ्यासविषयाचा दर्जा मिळवून देण्याचे श्रेय ज्यांच्याकडे सर्वाधिक जाते, ते जर्मन विद्वान म्हणजे कार्ल क्रुम्बाखर (१८५६–१९०९).

त्यांच्यापूर्वी या क्षेत्रात काही कामच झाले नव्हते, असे मात्र नाही. सोळाव्या शतकात आउग्सबुर्ग येथे हिएरोनिमस वोल्फ यांनी बायझंटाइन इतिहासकारांच्या संहिता संपादित करण्यास आरंभ केला, फ्रान्समधील द्यु कांज यांनी १६८८ मध्ये मध्ययुगीन ग्रीक भाषेचा प्रचंड कोश सिद्ध केला आणि १८२८ पासून बॉन येथे नीबूर यांच्या पुढाकाराने बायझंटाइन इतिहासग्रंथांची मोठी माला निघू लागली. परंतु अठराव्या शतकात व्हॉल्तेअर आणि एडवर्ड गिबन यांनी या साम्राज्याचा इतिहास म्हणजे एक लांबलेले अधःपतन आहे असे ठरवून टाकले होते, आणि ते मत युरोपातील सुशिक्षितांत इतके मुरले होते की या काळातील ग्रंथांत साहित्य म्हणून वाचण्याजोगे काही असेल, अशी अपेक्षाच कोणी बाळगत नसे. विद्यापीठांतील ग्रीकचे प्राध्यापक मध्ययुगीन हस्तलिखिते चाळत, ती बहुधा प्राचीन लेखकांचे हरवलेले उतारे शोधण्यासाठी. ज्या मध्ययुगीन ग्रंथकाराने ते उतारे जपून ठेवले, त्याच्या स्वतःच्या लेखनाची दखल घेण्याचे कारण त्यांना वाटत नसे.

क्रुम्बाखर यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५६ रोजी दक्षिण बव्हेरियातील केम्प्टन या शहराजवळच्या ग्रामीण भागात झाला. त्यांचे उच्च शिक्षण म्युनिक आणि लाइप्झिग येथे झाले. म्युनिकचा ग्रीसशी असलेला संबंध केवळ पुस्तकी नव्हता, कारण स्वतंत्र ग्रीसच्या गादीवर १८३२ मध्ये जो पहिला राजा बसवण्यात आला, तो ओटो हा बव्हेरियाचाच राजपुत्र होता आणि १८६२ मध्ये पदच्युत होईपर्यंत त्याच्याबरोबर बव्हेरियन अधिकारी, सैनिक आणि वास्तुविशारद यांची अथेन्सला ये-जा होती. अशा शहरात ग्रीक ही लोकांच्या तोंडी असलेली भाषा आहे, ही जाणीव एखाद्या तरुण अभ्यासकाला होणे अवघड नव्हते. क्रुम्बाखर यांच्या पुढील सर्व कामाचे मूळ या जाणिवेत आहे. त्यांनी १८७९ पासून म्युनिकमध्येच शाळेत अध्यापन सुरू केले आणि जवळपास बारा वर्षे ती नोकरी केली. ती सांभाळूनच त्यांनी १८८३ मध्ये डॉक्टरेट मिळवली, आणि १८८४ मध्ये मध्ययुगीन व आधुनिक ग्रीक या विषयात विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकवण्याचा अधिकार संपादन केला. जर्मन पद्धतीत हा अधिकार डॉक्टरेटनंतर आणखी एक चाचणी देऊन मिळवावा लागतो आणि त्याबरोबर पगारी पद मिळतेच असे नाही. त्यामुळे ज्या विषयाला स्वतंत्र प्राध्यापकपदच नव्हते, तो विषय निवडणे हे मोठ्या धाडसाचे काम होते.

त्याच वर्षी ते ग्रीस आणि तुर्कस्तानच्या प्रवासाला निघाले, आणि या प्रवासाच्या दैनंदिनीवर आधारलेले ‘ग्रीक प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळचे अभिजात ग्रीकचे बहुतेक अभ्यासक ग्रीसला जात ते भग्न मंदिरे पाहण्यासाठी. क्रुम्बाखर यांना मठांतील हस्तलिखितांइतकीच बाजारातील, बोटीवरील आणि घराघरातील बोली महत्त्वाची वाटत होती. ग्रीक भाषेचा इतिहास होमरपासून स्वतःच्या काळापर्यंत सलग आहे आणि मधला भाग गाळून दोन्ही टोकांपैकी कोणतेही टोक नीट समजणार नाही, हा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर मांडला.

त्यांच्या कीर्तीचा आधार असलेला ग्रंथ म्हणजे ‘बायझंटाइन साहित्याचा इतिहास’ होय. ईव्हान फॉन म्युलर यांच्या संपादनाखाली अभिजात विद्यांची जी संदर्भग्रंथमाला निघत होती, तिच्यात तो १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सम्राट जस्टिनियनच्या राज्यारोहणापासून, म्हणजे ५२७ पासून, १४५३ पर्यंतच्या ग्रीक साहित्याचा आढावा होता. सुमारे ५०० पानांचे हे पुस्तक सहा वर्षांत वाढत वाढत १८९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत १२०० पानांच्या घरात गेले. धर्मशास्त्रविषयक वाङ्मयाचा भाग आल्बर्ट एरहार्ड यांनी लिहिला आणि साम्राज्याच्या राजकीय इतिहासाची रूपरेषा हाइनरिख गेल्त्सर यांनी जोडली. प्रत्येक ग्रंथकाराचे चरित्र, त्याची ग्रंथसंपदा, तिची हस्तलिखिते कोणत्या ग्रंथालयात आहेत, काय छापले गेले आहे, छापलेले कितपत विश्वसनीय आहे आणि त्यावर कोणी काय लिहिले आहे, ही सर्व माहिती एका ठिकाणी आणणे हा या ग्रंथाचा खरा पराक्रम होता. एकामागून एक पाने वाचत जाण्याचा तो ग्रंथ नव्हे. पण पुढच्या पिढ्यांना काम कोठून सुरू करावे हे त्यामुळे कळले, आणि कोणते काम अजून झालेले नाही हेही त्यातूनच उघड झाले.

या ग्रंथाच्या मांडणीत भाषेचा प्रश्न मध्यवर्ती आहे, आणि तो समजल्याशिवाय मध्ययुगीन ग्रीक साहित्यच समजत नाही. बायझंटाइन समाजात लेखनाची भाषा आणि बोलण्याची भाषा यांत मोठे अंतर पडले होते. सुशिक्षित लेखक इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकांतील अथेन्सच्या भाषेचे, म्हणजे अ‍ॅटिक ग्रीकचे, अनुकरण करीत. चर्चमधील लेखनाची भाषा त्याहून सोपी असे. आणि बोलीत रचलेली काव्ये बाराव्या शतकापासून ठळकपणे दिसू लागतात. क्रुम्बाखर यांनी बोलीतील या वाङ्मयाला स्वतंत्र विभाग देऊन विद्वत्तेच्या वर्तुळात त्याला स्थान मिळवून दिले, ही त्या काळाच्या मानाने फार पुढची गोष्ट होती.

भारतीय वाचकाला या इतिहासात काही ओळखीचे चेहरेही भेटतात. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे दोन कोल्हे सहाव्या शतकात पहलवी भाषेत, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याच्या लेखणीने ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत, आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस सिमेऑन सेथ याच्या भाषांतराने ‘स्तेफानितीस आणि इख्निलातीस’ या नावांनी ग्रीकमध्ये गेले. ‘बर्लाम आणि योआसाफ’ या मध्ययुगात अतिशय लोकप्रिय झालेल्या ग्रीक धर्मकथेतील राजपुत्राची कथा म्हणजे गौतम बुद्धाच्या चरित्राचेच ख्रिस्ती रूपांतर आहे. मध्य आशिया, अरबी आणि जॉर्जियन अशा वाटेने आलेली ही कथा ग्रीकमध्ये आणण्याचे श्रेय आज बहुतेक अभ्यासक आथोस पर्वतावरील एव्फथिमिओस या जॉर्जियन साधूला देतात. सहाव्या शतकातील कॉस्मास इंडिकोप्लेफ्स्तेस या लेखकाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत ‘कल्लियाना’चा उल्लेख केला असून तेथून तांबे आणि कापड बाहेर जाते व तेथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे, असे तो सांगतो. हे कल्लियाना म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण, असे सामान्यपणे मानले जाते. मध्ययुगीन ग्रीक ग्रंथ हे केवळ युरोपच्या इतिहासाचे साधन नाहीत, याचा इतका जवळचा दाखला दुसरा मिळणे कठीण आहे.

पहिली आवृत्ती निघाल्यानंतर लगेच, १८९२ मध्ये, क्रुम्बाखर यांनी ‘बायझंटिनिशे त्साइटश्रिफ्ट’ म्हणजे ‘बायझंटाइन नियतकालिक’ सुरू केले. लाइप्झिगच्या टॉयब्नर या प्रकाशनसंस्थेने ते छापले. त्याचे तीन विभाग होते : पहिल्यात संशोधनलेख, दुसऱ्यात ग्रंथपरीक्षणे आणि तिसऱ्यात त्या त्या काळात जगभर या विषयावर जे काही प्रसिद्ध झाले त्याची विषयवार नोंद. हा तिसरा विभाग दिसायला सर्वांत रुक्ष आहे, तरी क्रुम्बाखर यांच्या एकूण कार्यात तोच सर्वांत मोलाचा मानावा लागेल. अथेन्समधील वृत्तपत्रात आलेला लेख, कझान किंवा ओडेसा येथून निघालेला रशियन ग्रंथ, इटलीतील एखाद्या मठाच्या हस्तलिखितांची सूची, हे सर्व शोधून, वाचून आणि थोडक्यात अभिप्राय देऊन नोंदवण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले, आणि त्यासाठी स्वतःचे किती संशोधन बाजूला ठेवावे लागले याचा अंदाज त्या खंडांची जाडी पाहून येतो. एकमेकांना अपरिचित असलेले, निरनिराळ्या भाषांत लिहिणारे अभ्यासक या नोंदींमुळे प्रथमच एका विद्याशाखेचे घटक झाले. दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथून ‘व्हिझान्तीस्की व्रेमेनिक’ हे रशियन नियतकालिक निघू लागले. बायझंटाइन धर्म, कला आणि कायदा यांचा वारसा स्लाव्ह लोकांनी घेतलेला असल्यामुळे रशियन न वाचता या विषयात पाऊल टाकू नये, असा क्रुम्बाखर यांचा आग्रह होता, आणि जर्मन विद्वानांनी स्लाव्ह भाषा शिकाव्यात म्हणून त्यांनी जाहीर लेखनही केले. आपल्या शेजाऱ्यांच्या विद्वत्तेला तुच्छ लेखण्याची सवय ज्या काळात सर्वत्र होती, त्या काळात हा उदारपणा विशेष उठून दिसतो.

१८९७ मध्ये म्युनिक विद्यापीठात मध्ययुगीन व आधुनिक ग्रीकचे पूर्ण प्राध्यापकपद त्यांच्यासाठी निर्माण झाले आणि पाठोपाठ या विषयाचे स्वतंत्र अध्ययन केंद्रही उभे राहिले, ज्यात ग्रंथालय, हस्तलिखितांच्या प्रतिमा आणि विद्यार्थ्यांना एकत्र बसून काम करण्याची जागा अशी सोय होती. निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी तेथे येऊ लागले. त्यांचे विद्यार्थी आउगुस्ट हायझेनबर्ग पुढे त्यांच्या जागी प्राध्यापक झाले. क्वांटम यामिकीचे एक प्रवर्तक, पदार्थवैज्ञानिक व्हेर्नर हायझेनबर्ग हे त्यांचे पुत्र होत. हस्तलिखितांच्या प्रती हाताने उतरवण्यात वेळ जातो आणि चुकाही होतात, हे जाणून क्रुम्बाखर यांनी १९०६ मध्ये मानव्यविद्यांच्या सेवेतील छायाचित्रणावर एक सविस्तर प्रबंध लिहिला. काचेची तबकडी टाळून थेट कागदावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे उमटवण्याच्या स्वस्त पद्धतीचा त्यांनी पुरस्कार केला, कारण सामान्य अभ्यासकाला परवडेल अशीच सोय त्यांना हवी होती.

संशोधक म्हणून त्यांचे मन सर्वांत जास्त रमले ते रोमानोस या कवीच्या स्तोत्रांत. रोमानोस हा मूळचा सिरियातील एमेसा, म्हणजे आजचे होम्स, येथील रहिवासी. बैरूतमध्ये चर्चची सेवा करून तो कॉन्स्टंटिनोपलला आला आणि सहाव्या शतकात तेथे त्याने ‘कोन्ताकिओन’ या प्रकारातील स्तोत्रे रचली. कोन्ताकिओन म्हणजे गाऊन सादर करण्याचे पद्यमय प्रवचन : आरंभी एक छोटे कडवे, त्यानंतर एकाच साच्यातील अठरा-वीस किंवा त्याहून अधिक कडवी, प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच ध्रुपद, आणि कडव्यांची आद्याक्षरे क्रमाने वाचली तर बनणारे वाक्य, ज्यात बहुधा ‘दीन रोमानोसचे’ अशा अर्थाचे शब्द असतात. अभंगाच्या शेवटच्या चरणात येणारी कवीची नाममुद्रा मराठी वाचकाला परिचित आहे; येथे ती मुद्रा संपूर्ण रचनेच्या उभ्या कण्यात गुंफलेली असते.

या आद्याक्षरांना क्रुम्बाखर यांनी संशोधनाचे साधन बनवले. पुढील शतकांत चर्चच्या उपासनेत दुसरा स्तोत्रप्रकार आल्यामुळे कोन्ताकिओनची पहिली एक-दोन कडवीच गायली जाऊ लागली आणि अनेक हस्तलिखितांत उरलेली कडवी गळाली. काही ठिकाणी दुसऱ्या कोणी नवी कडवी घातली, तर काही ठिकाणी जुन्यांची दुरुस्ती केली. अशा वेळी आद्याक्षरांच्या वाक्यात एखादे अक्षर कमी पडले तर तेथे कडवे गळाले आहे, आणि एखादे अक्षर जास्त निघाले तर ते कडवे उपरे असण्याचा संभव आहे, हे दाखवता येते. पात्मोस बेटावरील संत योहानाच्या मठातील अकराव्या शतकातील दोन हस्तलिखितांत ही स्तोत्रे बऱ्याच पूर्ण स्वरूपात आढळतात, म्हणून त्यांची इतर प्रतींशी ओळीने ओळ तुलना करणे आवश्यक होते. छंदाची अडचण आणखी वेगळी होती. प्राचीन ग्रीक छंद ऱ्हस्व-दीर्घावर चालत, तर या स्तोत्रांत अक्षरांची संख्या आणि शब्दावरील आघात यांवर लय उभी असते. कार्डिनल पित्रा यांनी एकोणिसाव्या शतकात हे उलगडून दाखवेपर्यंत ही स्तोत्रे गद्य समजली जात होती. १८९८ पासून क्रुम्बाखर यांनी रोमानोसवर प्रबंधांची मालिका लिहिली आणि १९०३ मध्ये ग्रीक स्तोत्रांतील आद्याक्षर-रचनेवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. रोमानोसच्या काळाविषयी मात्र त्यांचे मत स्थिर राहिले नाही. त्यांचे शिष्य पाउल मास यांनी १९०६ मध्ये स्तोत्रांतील भूकंप, आगी आणि दंगलींचे उल्लेख ताडून पाहून रोमानोस सहाव्या शतकातला असल्याचे सिद्ध केले, आणि तो लेख गुरूंच्याच नियतकालिकात छापला गेला.

क्रुम्बाखर यांच्या इतर कामांत त्यांनी नवव्या शतकातील कवयित्री कासिया हिच्यावर १८९७ मध्ये लिहिलेला प्रबंध महत्त्वाचा आहे. तिचे एक स्तोत्र ग्रीक चर्चमध्ये ईस्टरपूर्व पवित्र सप्ताहात आजही गायले जाते, पण तिची सुभाषिते क्रुम्बाखर यांच्यामुळेच अभ्यासकांपुढे नीट आली. मध्ययुगीन ग्रीक म्हणींचे संग्रह त्यांनी संपादित केले. युफ्रेटिसच्या सीमेवर लढणाऱ्या दिगेनिस अक्रितास या वीराच्या महाकाव्याचे स्पेनमधील एस्कोरियल येथील हस्तलिखित त्यांनी १९०४ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आणले. बोलीला जवळची असलेली ही प्रत त्या काव्याच्या चर्चेत तेव्हापासून केंद्रस्थानी आहे.

भाषेच्या प्रश्नावर ते केवळ अभ्यासक म्हणून अलिप्त राहिले नाहीत. एकोणिसाव्या शतकातील ग्रीसमध्ये राज्यकारभार, शाळा आणि वृत्तपत्रे यांसाठी ‘काथारेव्हूसा’ ही प्राचीन रूपांनी सजवलेली कृत्रिम भाषा वापरली जात होती, तर लोकांची बोली ‘दिमोतिकी’ अशिक्षितांची मानली जात होती. शुभवर्तमानांचे बोलीतील भाषांतर वृत्तपत्रात येऊ लागताच १९०१ मध्ये अथेन्समध्ये दंगली उसळल्या, माणसे मारली गेली आणि सरकार कोसळले. पुढच्याच वर्षी म्युनिक येथील बव्हेरियन विज्ञान अकादमीत केलेल्या भाषणात क्रुम्बाखर यांनी दिमोतिकीची बाजू निःसंदिग्धपणे घेतली. शाळेतील मुलाला स्वतःच्या भाषेऐवजी मृत रूपे पाठ करावी लागतात, आणि त्यातच राष्ट्राची बुद्धी खर्ची पडते, असे त्यांचे म्हणणे होते. अथेन्सचे थोर भाषाशास्त्रज्ञ गेऑर्गिओस हात्झिदाकिस यांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले. ग्रीसमध्ये क्रुम्बाखर यांच्यावर परकीय हस्तक्षेपाचा ठपका आला. ग्रीक सरकारने दिमोतिकीला अधिकृत भाषेचे स्थान दिले ते १९७६ मध्ये.

त्यांच्या दृष्टीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. बोलीवरील प्रेमामुळे अ‍ॅटिक ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या विद्वान लेखकांकडे ते अनेकदा अनुकरण करणारे म्हणूनच पाहतात, आणि मौलिकता हाच साहित्याचा निकष मानल्यामुळे वक्तृत्व, पत्रलेखन आणि जुन्या नमुन्यांशी जाणतेपणाने खेळण्याची कला या बायझंटाइन साहित्याच्या खास अंगांना त्यांच्याकडून न्याय मिळत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलले. त्यांच्या एका ग्रंथाची जागा त्याच संदर्भग्रंथमालेत तीन स्वतंत्र ग्रंथांनी घेतली : हान्स-गेऑर्ग बेक यांचे धार्मिक वाङ्मयावरील (१९५९) आणि बोलीतील वाङ्मयावरील (१९७१) दोन ग्रंथ, व हेर्बर्ट हुंगर यांचा उच्च भाषेतील लौकिक साहित्यावरील द्विखंडात्मक ग्रंथ (१९७८). एका माणसाने चाळिशीच्या सुमारास उभे केलेले काम बदलण्यासाठी दोन मोठ्या विद्वानांची अनेक वर्षे खर्ची पडावीत, यातच त्याची योग्यता दिसते.

१२ डिसेंबर १९०९ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, क्रुम्बाखर यांचे म्युनिक येथे निधन झाले. संत जॉर्जच्या ग्रीक आख्यायिकांवरील त्यांचा अभ्यास एरहार्ड यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केला, पण रोमानोसच्या स्तोत्रांची आवृत्ती अपुरीच राहिली. ती पूर्ण करण्याचे काम पाउल मास यांच्याकडे आले. ज्यू वंशाचे असल्याने नाझी राजवटीत त्यांना प्राध्यापकपद सोडावे लागले, १९३९ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले आणि अखेर १९६३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्रिपानिस यांच्या सहकार्याने रोमानोसच्या अस्सल मानलेल्या ५९ स्तोत्रांची आवृत्ती ऑक्सफर्डहून बाहेर पडली. क्रुम्बाखर यांनी सुरू केलेले नियतकालिक आजही निघते आणि त्यातील ग्रंथनोंदींचा विभागही चालू आहे.

भारतातून गेलेल्या कथांच्या ग्रीक शाखेचा अभ्यास करण्याची साधने आता सहज उपलब्ध आहेत. ‘स्तेफानितीस आणि इख्निलातीस’ची चिकित्सक आवृत्ती स्वीडिश अभ्यासक लार्स-ओलोफ शोबेर्ग यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली आहे. संस्कृत जाणणाऱ्या आणि पंचतंत्राच्या परंपरेवर काम करणाऱ्या मराठी अभ्यासकांनी थोडी ग्रीक शिकून ही संहिता मुळातून वाचावी, आणि करटक-दमनकाचा कॉन्स्टंटिनोपलपर्यंतचा हा प्रवास मराठीत आणावा.